शेतातला लेख वाचवायचा कसा?

प्रश्न : कर्नाटकातील होसकोट्याजवळ शेताच्या बांधावर अक्षरे कोरलेला दगड आहे. सामान्य माणसाने काय करावे?

उत्तर : होसकोटे परिसरातील शिलालेखांची नोंद बी. एल. राइस यांच्या ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या 1905 मधील नवव्या खंडात आहे, प्रथम तीत शोध घ्यावा. ही नोंद झाल्यानंतरच्या काळात रस्ते-इमारतींच्या कामांत कितीतरी दगड हरवले, ही हानी भरून न येणारी आहे. म्हणूनच बेंगळुरूतील स्वयंसेवक जुन्या नोंदी हाती घेऊन गावोगाव फिरतात. बेंगळुरूतील हेब्बाळ येथे 2018 मध्ये सापडलेला कित्तय्याचा वीरगळ सुमारे इ.स. 750 चा आहे. त्यासाठी लोकवर्गणीतून मंडप उभा राहिला. बेंगळुरूची मिथिक सोसायटी ही संस्था अशा लेखांचे त्रिमितीय स्कॅन करते.

दगड जागचा हलवू नये. ऑइलपेंट, आम्ल, तारेचा ब्रश पूर्ण वर्ज्य. मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या कडेला टेकवून तिरपा धरला, की खाचांत सावली भरते आणि दिवसा न दिसलेली ओळ उठून येते. तसाच फोटो, नेमक्या ठिकाणासह, राज्य पुरातत्त्व खात्याकडे पाठवावा. शेतमालकाला लेखाचा अर्थ सांगावा. राखण तोच करतो.