सरव्याच्या शेतातले स्थळ

वाचनभाग : रूथ अध्याय 1 ते 4, लेवीय 19:9-10, मत्तय 1:5



तरुण संघात रूथचे पुस्तक शिकवायला घेतले की एक प्रश्न हमखास येतो : बवाज रूथच्या प्रेमात नेमका कधी पडला? शास्त्र ते सांगत नाही. रूथच्या प्रेमाचा उल्लेख येतो तो सासूवरच्या प्रेमाचा, आणि तोही शेवटच्या अध्यायात, गावच्या बायकांच्या तोंडी.

मग त्या दोघांची ओळख झाली कशी? सरवा वेचताना. कापणी करताना शेताचे कोपरे सोडावेत, पडलेली कणसे मालकाने पुन्हा गोळा करू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत, असे नियमशास्त्र सांगते. आपल्या पाड्यांवर भातकापणीनंतर लोंब्या वेचणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना रूथची कंबर किती दुखली असेल हे वेगळे सांगायला नको.

बवाजाने काय केले ते नीट पाहा. गड्यांना ताकीद दिली की हिला त्रास द्यायचा नाही. गड्यांनी भरलेले पाणी तिला पिऊ दिले, जेवायला कापणाऱ्यांच्या पंगतीत बसवले. पेंढ्यांतली कणसे मुद्दाम गाळायला सांगितली, म्हणजे तिला भीक घेतल्यासारखे वाटू नये. हे सगळे लग्नाचा विषय निघण्यापूर्वीचे, आणि चारचौघांदेखत. सातूचा हंगाम संपून गव्हाचा संपेपर्यंत ती त्याच शेतात वेचत राहिली. एकमेकांना ओळखायला त्यांना एवढा वेळ मिळाला.

खळ्यावरच्या रात्रीविषयी आपले प्रवचनकार घाईने पुढे जातात. मला ते पटत नाही. लग्नाचे तिने स्वतः विचारले, हे मुलींना कळू द्यावे. आणि आपल्याहून जवळचा आप्त आहे, त्याचा हक्क आधी, असे सांगून बवाज सकाळी वेशीवर गेला व दहा वडिलांना बसवून घेतले, हे मुलांना कळावे.

वेशीवरचा तो जवळचा आप्त मला फार ओळखीचा वाटतो. शेत सोडवून घ्यायला तो लगेच तयार झाला. शेताबरोबर मवाबी रूथही येते म्हटल्यावर मात्र आपल्या वतनाची अडचण सांगून मागे सरला. बवाज सरला नाही. मत्तयाच्या वंशावळीप्रमाणे त्याची आई राहाब, यरीहोची, म्हणजे तीही परकीच. परक्या बाईच्या हातचे जेवून तो वाढला होता.

आमच्या कामातले एक जोडपे आहे. त्यांच्या संमतीने, नावे न देता लिहिते. ती आपल्या वसतिगृहात शिकून परिचारिका झाली. तो शहरातल्या मंडळीतला, आरोग्य शिबिरांना येणारा. तीन वर्षे दोघांनी बाळांची वजने केली, नोंदवह्या लिहिल्या, संध्याकाळच्या प्रार्थनेत शेजारी बसून गायले. मन जुळल्यावर आधी पाळकसाहेबांना सांगितले. मुलाच्या घरून दर हंगामाला पाड्यांसाठी धान्य आणि घोंगड्या येतात. तिथून उत्तर आले, "मुलगी गुणी आहे, पण आपल्यातली नाही."

वाचकहो, आपण देता त्यावरच हे काम चालते, म्हणून जपून लिहिते; पण लिहिते. ज्या मुलीच्या फीसाठी आपण रविवारी पाकीट भरतो, ती सून म्हणून दारात उभी राहिली तर आपण वेशीवरच्या कोणत्या माणसासारखे वागू? घरात, मुलांच्या समोर, यावर बोलावे.

त्या दोघांच्या लग्नाची सूचना मंडळीत दोन रविवार वाचून झाली आहे. हरकत कोणी घेतली नाही. मुलाची आई दुसऱ्या रविवारी आली, मागच्या बाकावर बसली आणि उपासनेनंतर मुलीजवळ जाऊन तिच्या आईची तब्येत विचारून गेली. वडील अजून आलेले नाहीत. तिसरी सूचना येत्या रविवारी आहे.