संप्रेरकांचा समतोल आणि मातेचे ताट

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत मुठा हे गाव आहे. गावाच्याच नावाची नदी या खोऱ्यातून वाहते. तिच्यावरील टेमघर धरणाचे पाणी पुढे खडकवासल्याच्या जलाशयात जाते आणि तेथून पुणे शहराची तहान भागविते. भाताची खाचरे, डोंगरउतारावरील नाचणी व वरई, गोठ्यातील दोन-चार जनावरे आणि दिवसभर राबणारी सडपातळ माणसे हे या परिसराचे परिचित चित्र होय. अशा गावात मधुमेहाचा विषय निघाला, तर ‘तो शहरातल्या खात्यापित्या, लठ्ठ माणसांचा रोग’ असे कोणीही सहज म्हणून जाईल.

हा समज चुकीचा आहे. मुठेचे पाणी ज्या शहरात जाते, त्याच शहरातील रास्ता पेठेत के.ई.एम. रुग्णालय आहे. तेथील मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी काही दशके चालविलेल्या संशोधनातून असे दिसून आले, की मधुमेहाचे बीज पुष्कळदा बालक जन्माला येण्यापूर्वीच पडलेले असते. आणि ते सडपातळ, कष्टकरी मातेच्या पोटीही पडू शकते. हे संशोधन समजून घेण्यासाठी प्रथम संप्रेरकांचा कारभार पाहिला पाहिजे.

शरीरातील आदेशपत्रे

मानवी शरीराचा कारभार दोन यंत्रणांकडून चालतो. मज्जासंस्थेचा निरोप तारेप्रमाणे तत्काळ पोहोचतो. दुसरी यंत्रणा अंतःस्रावी ग्रंथींची. या ग्रंथी आपला स्राव नलिकेवाटे न सोडता थेट रक्तात सोडतात. हा स्राव म्हणजेच संप्रेरक. रोजच्या बोलण्यातील हार्मोन. टपालातून आदेशपत्र जावे, त्याप्रमाणे ते रक्तातून प्रवास करते आणि ज्या अवयवाच्या नावे असेल तेथेच त्याची दखल घेतली जाते.

मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी अन्य अनेक ग्रंथींवर देखरेख करते. गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, शरीरातील ऊर्जेच्या वापराची गती ठरविते. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी संकटकाळी शरीराला सज्ज करतात. जठरामागील स्वादुपिंड इन्शुलिन हे संप्रेरक निर्माण करते, तर अंडाशय व वृषण यांच्या संप्रेरकांवर प्रजनन अवलंबून असते. यांची मात्रा अत्यल्प असते. परंतु त्या अत्यल्प मात्रेत फरक पडला तरी सारा समतोल ढळतो.

हा बिघाड मुख्यतः तीन प्रकारचा असतो. संप्रेरक कमी पडते, किंवा अधिक होते, किंवा ते पुरेसे असूनही अवयव त्याला दाद देत नाहीत. आदेश निघाला, पोहोचला, परंतु त्याची अंमलबजावणी झाली नाही, असा हा तिसरा प्रकार. सर्वत्र वाढत असलेल्या मधुमेहाच्या मुळाशी बहुधा हाच प्रकार असतो.

इन्शुलिनचे कार्य

अन्नातील पिष्टमय पदार्थांची साखर होऊन ती रक्तात येते. तिला स्नायू व मेद यांच्या पेशींत प्रवेश देणे आणि यकृतात तिचा साठा करविणे हे इन्शुलिनचे काम. कॅनडातील टोरांटो येथे १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी हे द्रव्य वेगळे काढण्यात यश मिळविले आणि जानेवारी १९२२ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. तोवर अशा मुलांना मृत्यूवाचून दुसरी वाट नव्हती.

स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट झाल्यास पहिल्या प्रकारचा मधुमेह होतो. अशा रुग्णाला इन्शुलिन टोचून घ्यावेच लागते. कोणाच्याही सल्ल्याने ते बंद करणे जीवावर बेतू शकते. दुसरा प्रकार हळूहळू येतो. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडते. कित्येक वर्षे हा जादा भार ओढून ते थकते आणि मग रक्तातील साखर चढू लागते. लक्षणे दिसेपर्यंत आतील बिघाड बराच जुना झालेला असतो.

कृश, तरी मेदयुक्त

पाश्चात्त्य ग्रंथांत वर्णिलेला दुसऱ्या प्रकारचा मधुमेही बहुधा प्रौढ व स्थूल असे. पुण्यातील रुग्ण मात्र तुलनेने तरुण आणि सडपातळ आढळत. याचा उलगडा करताना डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच शरीरांची तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजन दाखविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. वजनकाटा सारखाच आकडा दाखवीत होता. त्यामागील शरीरे निराळी होती.

हा फरक केव्हा पडतो? के.ई.एम. रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मतः वजन कमी असलेली, परंतु आठव्या वर्षी भरपूर वाढलेली मुले इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. म्हणजे शोध आणखी मागे, गर्भावस्थेपर्यंत नेणे आवश्यक होते.

सहा गावांतील अभ्यास

त्यासाठी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा शेतकरी गावांत ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ सुरू झाला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील शास्त्रज्ञांचे त्यास सहकार्य होते. ही गावे मुठा खोऱ्यातील नव्हेत, अवर्षणप्रवण भागातील आहेत. परंतु शेतीवर राबणारी स्त्री दोन्हीकडे सारखीच. या गावांतील विवाहित स्त्रियांची गर्भारपणापूर्वीच नोंद करण्यात आली. त्यांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. गर्भारपणात त्यांचा आहार, त्यांचे श्रम व रक्तातील घटक यांची मोजमापे घेण्यात आली आणि जन्मलेल्या बालकांवर पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले.

पूर्ण दिवसांच्या या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले; साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याच्या बालकांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान राहिले होते. त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने फारसा घटला नव्हता. नाळेतील रक्ताची लंडनच्या बालकांशी तुलना केली असता, वजन कमी असूनही पुण्याच्या बालकांत इन्शुलिन अधिक आढळले. कृश दिसणाऱ्या बाळाच्या शरीरात संप्रेरकांचा समतोल जन्मापासूनच निराळा होता.

ही बालके अठरा वर्षांची झाली, तेव्हा ६१९ जणांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ४८ टक्के तरुण-तरुणी कमी वजनाच्या होत्या. तरीही ३७ टक्के मुलांत आणि १८ टक्के मुलींत रक्तशर्करा मर्यादेबाहेर जाऊ लागली होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे आकडे शहरी सुखवस्तू घरांतील नाहीत, खेड्यांतील आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

ताटातील उणीव

मातेने काय खाल्ले असता बाळ चांगले वाढले? या अभ्यासात एकूण उष्मांक किंवा प्रथिने यांच्यापेक्षा दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांचा बाळाच्या आकाराशी अधिक स्पष्ट संबंध दिसला. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हाच याचा अर्थ. दुसरे असे की, ज्या स्त्रियांना गर्भारपणात शेतातील व घरातील कष्ट अधिक पडले, त्यांची बाळे लहान राहिली.

रक्ततपासणीतही एक मोठी उणीव उघड झाली. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ‘ब-१२’ जीवनसत्त्व कमी होते. फोलिक आम्लाची कमतरता मात्र एकाच मातेत आढळली. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलिक आम्ल अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक दिसली. याचा विपर्यास होता कामा नये. फोलिक आम्ल बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूमधील जन्मजात व्यंग टाळण्यास साहाय्यभूत ठरते आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या गरोदर स्त्रीने नियमित घेतल्याच पाहिजेत. प्रश्न या गोळ्यांचा नसून त्यांच्या जोडीला ब-१२ नसण्याचा आहे.

ब-१२ धान्यात, डाळीत वा भाजीपाल्यात नसते. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते. शाकाहारी घरात दूध हाच त्याचा मुख्य आधार; आणि अनेक घरांतील दूध डेअरीला जाऊन घरच्या सुनेला ते चहापुरतेच उरते.

निरीक्षणातून संबंध दिसतो. कारण सिद्ध होण्यास प्रयोग करावा लागतो. म्हणून याच अभ्यासातील मुले-मुली वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांना विवाहापूर्वीच ब-१२ देण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. ज्या मुलींना ते मिळाले, त्यांच्या बाळांच्या नाळरक्तातही ब-१२ अधिक आढळले. हा लाभ पुढील पिढीत किती टिकतो, हे ती मुले मोठी झाल्यावरच कळेल.

मिठाचा धडा

संप्रेरकांचा विकार सार्वजनिक उपायाने आटोक्यात आणल्याचे उदाहरण आपल्या देशात आहे. अवटू ग्रंथीला आपले संप्रेरक बनविण्यासाठी आयोडीन लागते. ते न मिळाल्यास गलगंड होतो आणि गर्भावस्थेत त्याची तीव्र उणीव झाल्यास बाळाची बुद्धी खुंटते. डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड घटतो, हे दाखवून दिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. चिमूटभर मिठाने जे साधले, ते महागड्या औषधांनी साधले नसते.

गावाला काय करता येईल

मधुमेहावर असा एकच चिमटीतला उपाय नाही. तथापि दिशा स्पष्ट आहे. मुलगी गरोदर राहिल्यावर तिच्या आहाराकडे पाहणे म्हणजे पेरणी झाल्यावर जमिनीची मशागत आठवण्यासारखे आहे. ही काळजी शाळेच्या वयापासून घेतली पाहिजे. शिक्षकांनी माध्यमिक शाळेतील मुलींची उंची, वजन व रक्तद्रव्य यांची तपासणी आरोग्य केंद्राच्या साहाय्याने नियमित करून घ्यावी आणि लोहाच्या साप्ताहिक गोळ्या प्रत्यक्ष घेतल्या जातात हे पाहावे. अठरा वर्षांपूर्वी मुलीचा विवाह होऊ न देणे हाही आरोग्याचाच उपाय होय.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. तो खर्च ठरविताना गरोदर व किशोरवयीन मुलींच्या दुधाचा, अंड्यांचा आणि अंगणवाडीच्या परसबागेचा विचार व्हावा. शेवगा, माठ, अळू यांस फार मोठी जागा लागत नाही. गावातील नळयोजना हीसुद्धा मातृपोषणाची योजना आहे. कारण गरोदर स्त्रीच्या डोक्यावरचा हंडा उतरला, की तिचे श्रम तेवढे हलके होतात.

प्रत्येक गरोदर स्त्रीची रक्तशर्करा तपासली गेली पाहिजे. जन्मतः कमी वजनाच्या मुलाला पुढे गोड व तळलेले खाऊ देऊन घाईने गुबगुबीत करण्याचा मोह टाळावा. मोकळ्या मैदानावरील खेळ त्याच्या अधिक हिताचे. आणि तिशी ओलांडलेल्या सडपातळ माणसानेही, ‘मला कशाला होईल’ असे न म्हणता, रक्ततपासणी करून घ्यावी.

पुण्याच्या आसपासच्या सहा गावांतील स्त्रियांनी आपली, आपल्या मुलांची आणि आता नातवंडांची मोजमापे शास्त्रज्ञांच्या स्वाधीन केली. त्यांच्या सहकार्यातून मिळालेले ज्ञान मुठ्यासारख्या प्रत्येक गावाचे आहे. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्या भाकरीवर भूक भागविणाऱ्या गृहिणीच्या ताटात दूध, भाजी व फळ पहिल्या पंगतीला पडेल, तेव्हाच त्या ज्ञानाचे चीज होईल.