मोटारीने काशीयात्रा : जाऊन आलेल्या यात्रेकरूंच्या सूचना

श्रींच्या दर्शनास येणारे अनेक भाविक पुढे प्रयाग-काशीची यात्रा मोटारीने करण्याचा संकल्प बोलून दाखवितात आणि मार्ग व मुक्काम यांविषयी कार्यालयात विचारणा करतात. जे जाऊन आले, त्यांनी वेळोवेळी सांगितलेल्या गोष्टी येथे एकत्र दिल्या आहेत. रेल्वेने जाणाऱ्यांस यातील फारसे उपयोगी पडणार नाही.

पुण्याहून नागपूर, जबलपूर, रीवा व प्रयागराज या मार्गे काशी सुमारे १,४०० ते १,५०० किलोमीटर आहे. हे अंतर दोन दिवसांत कापल्याचे अभिमानाने सांगणारेही भेटतात. मात्र त्यांच्या समवेत गेलेल्या वृद्धांना वाटेत काय पाहिले ते आठवत नाही. जाणते यात्रेकरू पहिला मुक्काम नागपूर अथवा रामटेक येथे, दुसरा जबलपूर येथे, तिसरा मैहर येथे शारदादेवीच्या पायथ्याशी व चौथा प्रयागराज येथे करून पाचव्या दिवशी काशीस पोहोचतात. पुण्याकडील मंडळींस पहिला टप्पा लांब पडतो. त्यांनी श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान असलेल्या कारंजा येथे एक रात्र थांबावे, म्हणजे दर्शनही घडते. मैहरच्या टेकडीवर जाण्यास हजाराहून अधिक पायऱ्या असून रोपवेचीही सोय आहे.

समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्याने नागपूरपर्यंतचा वेळ बराच वाचतो. परंतु सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागण्याचे भय अधिक असते. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर याच मार्गावर सिंदखेडराजानजीक एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. निघण्यापूर्वी टायर तपासून घ्यावेत, जुने असल्यास बदलावेत, आणि रात्रीचा प्रवास कोणत्याही कारणास्तव करू नये.

या संदर्भात स्वतःचा एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. १९९८ साली आम्ही अकरा नातलग भाड्याची ट्रॅक्स करून प्रयागास निघालो होतो. जबलपूरच्या धर्मशाळेत दोन खोल्या मिळाल्या; त्या आम्ही आपसांत वाटून घेतल्या. चालक गाडीतच झोपला. तो कोठे झोपतो, काय खातो, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. डासांमुळे त्यास रात्रभर झोप नव्हती, हे दुसऱ्या दिवशी कटनीच्या अलीकडे गाडी रस्ता सोडून शेतात उतरल्यावर कळले. कोणास इजा झाली नाही. आमच्यातील वडीलधाऱ्यांनी प्रथम चालकासच बोल लावला. तो काही बोलला नाही. दोष आमचा होता, हे मान्य करावयास मला पुढे बराच काळ लागला.

म्हणून खोल्या ठरविताना चालकाची खाट व भोजन प्रथम ठरवावे आणि पुढील मुक्कामीही तशी सोय आहे किंवा कसे, हे निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे. चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांहून अधिक नसावे व सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती मिळावी, अशी तरतूद मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ मध्ये होती. घरचाच मुलगा किंवा जावई गाडी चालविणार असेल, तरी हाच नियम पाळावा. त्यास तर नाही म्हणण्याचीही सोय नसते.

भाड्याची गाडी पिवळ्या क्रमांकपट्टीचीच घ्यावी. ओळखीच्या माणसाची खासगी गाडी स्वस्त पडते, परंतु ती भाड्याने वापरणे नियमबाह्य असून अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. परवाना, विमा व पीयूसी यांच्या प्रती जवळ असाव्यात. फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम ठेवावी. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आल्यास १०३३ व अन्य आपत्तीत ११२ या क्रमांकांवर मदत मागता येते.

रीवा सोडल्यावर सोहागी घाटाचा तीव्र उतार लागतो. तेथे मालमोटारींची वर्दळ असते. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून, दिवसाउजेडीच उतरावे. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके पडते. अशा वेळी नऊ-दहा वाजेपर्यंत मुक्कामीच थांबावे, पहाटेच्या स्नानाचा आग्रह धरू नये. माघमेळ्याच्या पर्वदिनी तर मोटारीने जाऊच नये. २०२५ च्या महाकुंभात फेब्रुवारीमध्ये रीवा-प्रयागराज मार्गावर वाहनांची रांग इतकी लांबली की मध्य प्रदेशात कटनी, जबलपूरपर्यंत वाहने अडवावी लागली.

काशीत मंदिरापर्यंत मोटार जात नाही. गोदौलियाच्या बऱ्याच अलीकडे वाहनतळावर गाडी सोडून पुढे रिक्षाने व पायी जावे. ज्येष्ठांची औषधे, पाणी व निवासाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी गाडीत न ठेवता प्रत्येकाच्या जवळ द्यावी. परत निघण्याच्या आदल्या दिवशी चालकास पूर्ण सुटी द्यावी. बहुतेक चालक त्या दिवशी स्वतःही विश्वनाथाचे दर्शन घेऊन येतात.