कागद रेखीव कापला जातो, मग फेल्ट का विस्कटतं?

प्रश्न : मुलीसाठी घरी इलेक्ट्रॉनिक कटिंग मशीन आणलं आहे. कार्डपेपरची फुलं आणि कंदिलाची नक्षी त्यावर अगदी रेखीव कापली जाते. पण तेच फूल फेल्टवर कापायला घेतलं, की कडा विस्कटतात, कोपऱ्यात धाग्यांचा गोळा होतो आणि पाकळी अर्धवट चिकटून राहते. फेल्ट तर कागदापेक्षा मऊ, ते आणखी सहज कापलं जायला नको का? की मशीनमध्येच काही दोष आहे? यंदा गणपतीचं मखर कागद आणि फेल्टचंच करायचं ठरवलं आहे, म्हणून विचारते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : जे मशीन कागद रेखीव कापतं, त्यात दोष नाही. मऊ ते कापायला सोपं, हा आपला समज मात्र इथे दगा देतो. कापायला सोपं ते, जे पात्यासमोर जागचं हलत नाही.

आधी मशीन काय करतं ते पाहू. संगणकावरचं चित्र त्याच्यापर्यंत रेषांच्या रूपात पोहोचतं. चिकट मॅटवर लावलेला कागद रोलर पुढे-मागे नेतात आणि पातं डावी-उजवीकडे सरकतं. या दोन चालींच्या मेळातून गोलाई तयार होते. गाडीवर लावायला रेडियमची अक्षरं कापून देणाऱ्या दुकानातला प्लॉटर याच कुळातला. रेषा कुठून कुठे न्यायची, हे मशीनला चोख कळतं. खाली कागद आहे की कापड, हे मात्र आपण मेनूतून निवडू तेवढंच त्याला ठाऊक असतं.

आता पातं त्याच्या नळीतून काढून भिंगाखाली धरा. त्याचं टोक दांडीच्या बरोबर मध्यावर नसून सुमारे पाव मिलीमीटर बाजूला असल्याचं दिसेल. नेहमीच्या पात्याला वळवणारी मोटर नसते. ते नळीत मोकळं फिरतं आणि पुढे ओढलं गेलं, की टोक आपोआप मागे राहून दिशा धरतं. कोपरा आला, की टोक मालात रुतलेल्या अवस्थेतच स्वतःभोवती वळतं. हे वळण नीट व्हायला खालच्या मालाने पात्याला टेकू द्यावा लागतो.

कागद तो टेकू देतो. लगदा सुकताना त्यातले सेल्युलोजचे तंतू एकमेकांना रासायनिक बंधांनी धरतात, त्यामुळे पातं आलं तरी तंतू जागा सोडत नाही आणि कापला जातो. फेल्टमध्ये ना वीण असते, ना असे बंध. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि रगडणं मिळालं, की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचं फेल्ट तयार होतं. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं स्वस्त रंगीत फेल्ट बहुधा पॉलिएस्टरचं किंवा अॅक्रिलिकचं असतं. काटेरी सुया पुन्हा पुन्हा टोचून त्याचे तंतू एकमेकांत गुंतवलेले असतात. दोन्हीकडे पकड केवळ गुंत्याची. पात्याचं टोक ओढलं गेलं, की सैल तंतू कापला जाण्याऐवजी त्याच्याबरोबर पुढे सरकतो. कोपऱ्यात पातं वळतं, तेव्हा हेच तंतू त्याला वेढतात. तुमचा गोळा होतो तो तिथे.

यावर उपाय आहेत, आणि निवड तुमच्या मशीनवर ठरेल.

पहिला उपाय गोल फिरत्या पात्याचा. क्रिकट कंपनीने 2017 मध्ये आणलेल्या मेकर या मशीनमध्ये ते बसतं. करंज्यांच्या कडा कापायच्या कातण्यासारखं ते मालावरून फिरत जातं. ओढ नसल्यामुळे तंतू सरकत नाहीत. ते वळवायचं काम मशीनच करतं. शिवाय हे मशीन 4 किलोपर्यंत दाब देऊ शकतं. मात्र गोल पात्याला वळायला जागा लागते, म्हणून पाऊण इंचाहून लहान आकार त्याला देऊ नयेत.

तुमच्या मशीनमध्ये असं पातं बसत नसेल, तर फेल्टलाच ताठ करा. शिंपी कॉलरसाठी वापरतात ते इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग फेल्टच्या मागे लावा. तंतू एका बाजूने बांधले गेले, की साधं पातंही बरंच स्वच्छ कापतं. कृत्रिम फेल्ट उष्णतेने वितळतं, तेव्हा वर सुती कापड टाकून मंद इस्त्री फिरवा आणि आधी एका तुकड्यावर करून पाहा. फेल्टसाठी जास्त चिकट मॅट वेगळी ठेवा, कारण त्याची लव कागदाची मॅट निकामी करते. कडा मास्किंग टेपने दाबा, वेग कमी ठेवा आणि एकाच रेषेवरून पातं दोनदा फिरवा. टोकदार पाकळ्यांऐवजी गोलसर पाकळ्या निवडल्यात, तर निम्मा त्रास तिथेच संपेल.

फेल्ट 3 मिलीमीटर जाड असेल, तर मशीनच्या मागे लागूच नका. मशीनकडून कार्डशीटचा नमुना कापून घ्या, तो फेल्टवर ठेवून शिंप्याच्या खडूने रेघ मारा आणि धारदार कात्रीने कापा. यात कमीपणा काही नाही. नेमका आकार मशीनने द्यावा, जाड माल कात्रीने कापावा.

मखराबद्दल. मागच्या उभ्या नक्षीला 250 ते 300 जीएसएमचं कार्डशीट घ्या. छपाईचा साधा कागद 70 ते 80 जीएसएमचा असतो, तो उभा राहणार नाही. हातकागद वापरायचा मोह होईल, आणि तो जरूर वापरा. पण चिंध्यांपासून केलेल्या हातकागदाचे तंतू लांब आणि जाडी कमी-जास्त असते, म्हणून बारीक जाळीपेक्षा मोठी पानं-फुलं त्यावर खुलतात. भाद्रपदातली हवा दमट. कागद ओल शोषून घेतो, नरम पडतो आणि कोपऱ्यात फाटतो. म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि कापायच्या वेळीच काढा. कापून झाल्यावर मॅटवरून कागद ओढू नका. मॅट पालथी घालून कागद टेबलावर सपाट धरा आणि मॅट मागे वाकवत सोडवा. जाळी गुंडाळली जाणार नाही.

मखराला हात घालण्यापूर्वी मुलीला एक काम द्या. दोन इंचाचं एकच फूल कार्डशीट, हातकागद, लोकरीचं फेल्ट आणि कृत्रिम फेल्ट अशा चारही मालांवर कापायला सांगा. प्रत्येक नमुना वहीत चिकटवून त्याखाली पातं, दाब, वेग आणि किती वेळा कापलं ते लिहून ठेवा. कंपनीचे आकडे सुरुवातीला उपयोगी पडतात. तुमच्या गावच्या दुकानात मिळणाऱ्या मालाचा खरा आकडा मात्र या वहीतूनच मिळेल. दिवाळीच्या कंदिलालाही हीच वही कामी येईल.