साठीनंतर वजन उतरवताना

चि. सायलीस,


कमी कर्बोदकांच्या आहाराने उतारवयात वजन उतरल्याची सर्वांत गाजलेली नोंद एका रुग्णाने लिहिलेली आहे, डॉक्टराने नव्हे. विल्यम बँटिंग हे लंडनमधले अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणारे प्रतिष्ठित व्यावसायिक. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या अंत्ययात्रेची व्यवस्था त्यांच्याच घराण्याकडे होती. १८६२च्या ऑगस्टमध्ये बँटिंग यांचे वय पासष्टीच्या घरात, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. बुटाची नाडी बांधायला वाकता येत नसे. गुडघ्यांवर आणि घोट्यांवर भार नको म्हणून जिना उलट्या पावली, सावकाश उतरावा लागे. वल्ही मारण्याचा व्यायाम करून पाहिला, त्याने भूकच वाढली. औषधी झऱ्यांची गावे आणि तुर्की स्नाने झाली, तरी फारसा फरक पडला नाही. शेवटी ऐकू कमी येऊ लागले म्हणून ते कानाचे डॉक्टर विल्यम हार्वी यांच्याकडे गेले. हार्वी यांनी पाव, साखर, बिअर आणि बटाटा बंद केला, दूध आणि लोणीही बंद केले. त्याऐवजी मांस, मासे, बटाटा सोडून इतर भाज्या, थोडे फळ आणि जेवणाबरोबर जेमतेम एक औंस कोरडा टोस्ट असा आहार दिला. वाइनही चालू होती, पण तिचे अनुकरण करण्याचे कारण नाही. वर्षभरात वजन ४६ पौंडांनी, म्हणजे सुमारे २१ किलोंनी उतरले आणि कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी झाला. १८६३ साली बँटिंग यांनी हा अनुभव ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ या छोट्या पुस्तिकेत स्वखर्चाने छापला. १८७८ साली, वयाच्या ८१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एका माणसाच्या अनुभवावरून शास्त्र सिद्ध होत नाही. तरी या उदाहरणातल्या काही गोष्टी आजही तशाच लागू पडतात. वजन आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षाही कमी गतीने उतरले. प्रत्येक जेवणात प्रथिनांचा भरघोस पदार्थ होता. आणि धान्य कमी झाले, शून्यावर आले नाही. आज साठी उलटलेली माणसे इतरांचे पाहून हा आहार सुरू करतात तेव्हा नेमक्या याच गोष्टी सुटतात. पोळी-भात बंद होतो, पण त्याच्या जागी ताटात काहीच येत नाही.

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहाराला सामान्यतः कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. २० ते ५० ग्रॅमचा आहार अतिकमी, त्यालाच लोक ‘कीटो’ म्हणतात. पिष्ट आणि साखर पचून रक्तात ग्लुकोज येते आणि ते पेशींत पोहोचवण्यासाठी इन्सुलिन स्रवते. ग्लुकोजचा काही साठा यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात राहतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. कर्बोदके एकदम कमी केली की हा साठा आटतो आणि त्याबरोबरचे पाणी निघून जाते. इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडेही जास्त मीठ बाहेर टाकतात. म्हणून पहिल्या आठवड्यात वजनकाटा दीड-दोन किलो कमी दाखवतो, ती चरबी नसते. हे रुग्णाला आधी सांगून ठेवले नाही तर पहिल्या आठवड्यातला आनंद तिसऱ्या आठवड्यात निराशेत बदलतो आणि आहार सुटतो.

त्यानंतर खरी चरबी उतरते, ती पोटात एकूण उष्मांक कमी गेल्यामुळे. प्रथिने आणि भाज्या पुरेशा असल्या की भूक लवकर लागत नाही. साखर, मैदा, फरसाण हे न मोजता खाल्ले जाणारे पदार्थ आपोआप गळतात. या आहाराचे बळ त्यातच आहे, त्यात जादू नाही. इस्रायलमध्ये ३२२ जणांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी कर्बोदकांच्या गटाचे वजन सरासरी ४.७ किलो, तर कमी स्निग्धांच्या गटाचे २.९ किलो उतरले. २०१८ साली स्टॅनफर्डच्या ६०९ जणांच्या अभ्यासात वर्षअखेर दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र तिथे कोणाचेही वय पन्नाशीच्या पुढे नव्हते. तरुणांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलून सत्तरीच्या माणसाला लावणे हीच या विषयातली सर्वांत मोठी चूक आहे.

वय वाढले की चयापचय मंदावतो, म्हणून पोट सुटते, असे सर्रास म्हटले जाते. २०२१ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासाने ही समजूत बरीचशी मोडीत काढली. शरीराच्या आकारमानाचा हिशेब केला तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो आणि त्यानंतर वर्षाला सुमारे ०.७ टक्के दराने घटतो. पंचेचाळिशीत सुटलेल्या पोटाला म्हणूनच बैठे काम आणि ताट जबाबदार असते. साठीनंतर मात्र स्नायूंची झीज हा वेगळा आणि गंभीर प्रश्न उभा राहतो. कोणत्याही आहाराने वजन उतरते तेव्हा उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही असतात. तरुण माणूस ते परत कमावतो. म्हाताऱ्या माणसाने आहार सोडला आणि वजन पुन्हा वाढले, तर परत येते ती मुख्यतः चरबी. असे दोन-तीनदा झाले की वजन पूर्वीइतकेच, पण पायांत जोर नाही, अशी अवस्था येते. अशा माणसाला न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका लठ्ठपणाइतकाच मोठा असतो. उतारवयात म्हणून किती किलो उतरले यापेक्षा काय उतरले हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

याचे उत्तर प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम या जोडीत आहे. २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पासष्टीपुढच्या १६० लठ्ठ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे ९ टक्के उतरले. पण ज्यांनी फक्त चालण्यासारखा व्यायाम केला त्यांचे चरबीविरहित वजन ५ टक्के घटले, वजने उचलणाऱ्यांचे २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचे ३ टक्के. रोजच्या हालचालींत सर्वाधिक सुधारणा दोन्ही करणाऱ्या गटात झाली. आपल्याकडे सकाळी बागेत चार फेऱ्या झाल्या की व्यायाम झाला असे मानतात. चालणे चांगलेच, पण आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे असे काही तरी झालेच पाहिजे.

प्रथिनांची भारतातली शिफारस निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. उतारवयासाठी तज्ज्ञगट १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे ६० किलोच्या बाईला रोज ६० ते ७२ ग्रॅम. मराठी घरात हा आकडा गाठणे अवघड जाते, शाकाहारी घरात तर फारच. पातळ वरणाच्या वाटीत ५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, तेवढ्याच बांगड्यात किंवा इतर माशात २० च्या जवळपास. सोयाचे कोरडे वडे वजनाच्या निम्मे प्रथिनच असतात. डाळी-कडधान्यांत प्रथिनांच्या दुपटीहून जास्त कर्बोदके असतात, म्हणून शाकाहारी माणसाने अतिकमी कर्बोदकांच्या नादी लागू नये. १०० ते १३० ग्रॅमची मर्यादा त्याला मानवते आणि टिकतेही.

आता भाकरीकडे. पोळी सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली म्हणजे कर्बोदके कमी झाली, हा समज अगदी शिकल्यासवरल्या घरांतही आढळतो. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागे कर्बोदके जवळजवळ सारखीच, ६५ ते ७०च्या घरात असतात. परातीत पीठ घेण्याआधी एकदा ते काट्यावर ठेवून पाहावे. मध्यम भाकरीला ७० ग्रॅम पीठ सहज लागते, म्हणजे ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदके. दुपारी दोन आणि रात्री एक भाकरी झाली की केवळ भाकरीनेच दिवसाची मर्यादा ओलांडली. ज्वारीत तंतू आहेत, ती पोटभरीची आहे, तेव्हा भाकरी ठेवावी, पण दुपारी एक आणि रात्री अर्धी किंवा तीही नाही, असे माप ठरवावे. उपासाचेही तसेच आहे. साबुदाण्यात १०० ग्रॅमला ८५हून जास्त कर्बोदके आणि प्रथिने जवळजवळ शून्य. आठवड्यात दोन उपास करणाऱ्या बाईचा आहार पाच दिवस सांभाळलेला आणि दोन दिवस उधळलेला असतो. ताक, दही, दाणे, पनीर आणि भोपळ्याचे भरीत यांवर उपास निभतो.

एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांचा प्रश्न याहून नाजूक आहे. स्वतःपुरते काय रांधायचे, म्हणून रात्री चहा-पोळी किंवा मऊ खिचडीवर भागवले जाते. दुपारच्या चहाबरोबर खारी किंवा टोस्ट असतोच. दिवसाचे चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर चहातूनच गेली. सुरुवात इथूनच करावी. आधी चहातली साखर निम्मी, मग बंद. खारीऐवजी मूठभर फुटाणे किंवा उकडलेले अंडे. सकाळी पोह्यांच्या जागी मुगाच्या डाळीची दोन लहान धिरडी आणि वाटीभर दही. दुपारी एक भाकरी, उसळ, मेथी-शेपू-माठ यांपैकी पालेभाजी, दाण्याचा कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, ताक. रात्री भाताऐवजी पनीर, मासळी किंवा सोयाची भाजी आणि बरोबर दुधी, फ्लॉवर, फरसबी असे काही. वेगळा बाजार करावा लागत नाही, घरातल्या इतरांनाही तेच ताट चालते.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवण्याची पद्धत घरोघरी पोहोचली आहे. तिच्यात भर किती वेळा खाल्ले यावर आहे. ती आणि कमी कर्बोदके एकदम सुरू केली, तर सत्तरीच्या माणसाला दोन जेवणांत ६० ग्रॅम प्रथिने बसवणे जवळजवळ अशक्य होते. दोन्हींपैकी एकच निवडावे.

औषधांची बाजू सर्वांत आधी पाहायची असते, कारण इथे चूक झाली तर तिची किंमत रुग्णालयात मोजावी लागते. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदके निम्मी केली की साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. या औषधांची मात्रा आहार सुरू होण्याआधी डॉक्टरांनी कमी करायची असते, चक्कर आल्यावर नव्हे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर अतिकमी कर्बोदकांचा आहार देऊच नये. या औषधांबरोबर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोआम्लता, म्हणजे रक्तात कीटोन साचून आम्लता वाढणे, होऊ शकते. मळमळ, उलट्या, जलद श्वास दिसला की तडक रुग्णालय गाठावे. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर फार उतरण्याची भीती सहसा नसते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना मीठ-पाणी निघून गेल्यामुळे उभे राहताना अंधारी येते, म्हणून दाब बसून आणि उभे राहून असा दोन्ही प्रकारे मोजावा. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाज्या एकाएकी वाढवू नयेत. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर प्रथिनांचे प्रमाण मूत्रपिंडतज्ज्ञाने ठरवावे.

काहींना हा आहार मुळीच देऊ नये. सहा महिने ते वर्षभरात काही न करता वजन ५ टक्के उतरले असेल तर आधी तपासणी, आहार नंतर. सत्तरी ओलांडलेल्या, बेताच्या वजनाच्या, फक्त पोट पुढे आलेल्या माणसाला वजन उतरवण्याची नव्हे, ताकद वाढवण्याची गरज असते. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढची कंबर धोक्याची मानतात, ती वजनाइतक्याच आवर्जून मोजावी. या आहाराने बद्धकोष्ठ होते, त्याला पाणी, भाज्या आणि गरज पडल्यास इसबगोल. काहींचे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते, म्हणून तीन महिन्यांनी रक्ततपासणी करावीच.

प्रगती मोजण्यासाठी काट्याबरोबर एक खुर्ची लागते. हात छातीशी धरून पाच वेळा उठायचे-बसायचे. आशियाई निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर शारीरिक क्षमता कमी समजतात. पहिल्या भेटीत हा वेळ लिहून ठेवावा आणि दर महिन्याला पुन्हा घ्यावा. वजन उतरत असताना वेळ वाढू लागला, तर कितीही आग्रह झाला तरी उष्मांक आणखी कमी करू नयेत. प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम वाढवावा आणि वेळ पूर्वपदावर येईपर्यंत वजन आहे तिथेच राहू द्यावे.

कळावे,
तुझे सर