जहाज लांबलं तर?

प्रश्न : आमची शेतकरी कंपनी युरोपला द्राक्षं पाठवते. सिम्युलेशन, मशीन लर्निंगवर खर्च करावा का?
– एक द्राक्ष उत्पादक, निफाड

उत्तर : करा, पण क्रम चुकवू नका. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी, कधी त्याहून जास्त लांबला. असा फटका आपल्या मालाला किती बसेल, हे सिम्युलेशन आधी दाखवतं. संगणकावर बाग, प्रीकूलिंग, न्हावा-शेवा, रॉटरडॅम अशी साखळी मांडायची आणि ‘जहाजाला उशीर’, ‘वीज सहा तास गेली’ असे प्रसंग हजारदा घडवून पाहायचे. साध्या एक्सेलवरही सुरुवात होते.

मशीन लर्निंगचं काम वेगळं. जुन्या नोंदींवरून कोणता माल किती दिवस टिकेल, याचा अंदाज ते बांधतं. लवकर खराब होणारा माल मग जवळच्या बाजारात वळवता येतो. पण नोंदी हव्यात ना! तोडणीची वेळ, प्रीकूलिंगचे तास, कंटेनरमधलं तापमान, पोहोचल्यावरचा दर्जा यातलं काहीच लिहिलेलं नसेल, तर सॉफ्टवेअर म्हणजे निव्वळ हौस. (विक्रेता हे सांगणार नाही.) यंदा फक्त तापमान नोंदवणारे लॉगर घ्या आणि त्यातला एक कंटेनरच्या दाराजवळ ठेवा.