आपल्या गरजेची संगणक-प्रणाली

मुलांनो, आपला भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळ एकच असते. पण त्यापासून कोणी गुंड घडवतो, कोणी लोटा, तर कोणी परात. ज्या घराला जे हवे, ते ते घर घेते. संगणकाच्या जगातही असेच घडते.

संगणक सुरू होताच जी प्रणाली सर्व कामे हाती घेते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. 1991 साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने अशा प्रणालीचा गाभा लिहिला व सर्वांना खुला केला. तो गाभा म्हणजे लिनक्स. पण नुसत्या गाभ्याने काम भागत नाही. त्याला लिपी, लेखन, हिशोब, चित्रकला यांचे प्रोग्रॅम जोडावे लागतात. अशा जोडलेल्या संचाला 'डिस्ट्रिब्युशन' म्हणतात. लिनक्स वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची सर्वांना मोकळीक आहे. अट एवढीच, की बदलून वाटणाऱ्याने आपला बदलही इतरांना खुला ठेवावा.

आता समजा, भंडारा, तुमसर, पवनी येथील उर्दू शाळांनी मिळून स्वतःचा संच तयार करायचे ठरवले. सुरुवात कोठून करावी?

पहिला प्रश्न : आपली यंत्रे कशी आहेत? 2007 साली रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा गावच्या शाळेत मुलांना एक्सओ नावाचे छोटे लॅपटॉप मिळाले. त्यांची स्मृती फार थोडी होती. म्हणून त्यांच्यासाठी 'फेडोरा' हा मोठा संच कापून-छाटून हलका केला होता. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथेही खरी ठरते.

दुसरा प्रश्न : भाषा कोणती? तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही एकाच ओळीत आल्या, तरी अक्षरांचा क्रम बिघडता कामा नये. उर्दूला नस्तालीक वळणाचा फाँट हवा. मराठीला 'ळ' हवा आणि 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा 'र' नीट उमटायला हवा. संगणकाने तुमचे नावच मोडून दाखवले, तर ते यंत्र तुम्हाला आपले कसे वाटेल?

तिसरा प्रश्न : पाया कोणाचा घ्यावा? सारे काही नव्याने लिहिणे शहाणपणाचे नाही. 1993 साली सुरू झालेला 'डेबियन' हा संच अनेकांनी पाया म्हणून घेतला आहे. नॉर्वेतील लोकांनी 2001 पासून शाळांसाठी 'स्कोलेलिनक्स' उभारला, तोही डेबियनवरच. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांसाठी 'बॉस' हा संच तयार केला आणि शाळांसाठी 'एज्युबॉस'. त्यांचाही पाया डेबियनच आहे.

चौथा प्रश्न सर्वांत कठीण आहे : उद्या त्याची काळजी कोण घेणार? प्रणालीत चुका सापडत राहतात आणि त्या वेळेवर दुरुस्त कराव्या लागतात. संच बनवणारे उत्साही लोक वर्षभरात पांगले, तर तोच संच शाळांना धोक्याचा ठरतो. म्हणून संच जितका लहान, तितका तो सांभाळायला सोपा. पायाची डागडुजी डेबियनवाले करतील. आपण फक्त फाँट, कळफलक आणि धड्यांचे प्रोग्रॅम एवढेच पाहावे. उर्दूतली एखादी चूक आपण सुधारली, तर ती सुधारणा डेबियनकडेही पाठवावी. मग लाहोरपासून हैदराबादपर्यंत उर्दू लिहिणाऱ्या सर्वांना तिचा लाभ मिळेल.

कदाचित विचारांती असेही कळेल, की वेगळा संच नकोच. 'बॉस'मध्ये दोन फाँट जोडले, की काम झाले. तरी ही योजना वाया गेली असे समजू नका. आपल्याला नेमके काय हवे, हे तिनेच तर आपल्याला सांगितले!

शब्दार्थ
गाभा – मग़्ज़. मोकळीक – आज़ादी. अट – शर्त. डागडुजी – मरम्मत. पांगणे – बिखर जाना

स्वाध्याय
1. डिस्ट्रिब्युशन म्हणजे काय?
2. संच लहान ठेवणे का चांगले?
3. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या अर्थाची उर्दू म्हण सांगा.
4. तुमच्या शाळेतील संगणकासाठी कोणते पाच प्रोग्रॅम निवडाल? कारणे लिहा.